लाही, तोटा आणि भाकरी

मराठीत ‘फुटणे’ या क्रियापदाइतके उदार क्रियापद दुसरे क्वचितच सापडेल. तांबडे फुटते, कोंब फुटतो, घाम फुटतो, गाईला पान्हा फुटतो, विहिरीला पाझर फुटतो, कापसाचे बोंड फुटते, ज्वारीची लाही फुटते आणि सुरुंगही फुटतो. या क्रियापदाच्या मुळाशी असलेल्या स्फुट् धातूपासूनच आलेला ‘स्फोट’ हा शब्द मात्र मराठीने बहुतांशी विध्वंसासाठी राखून ठेवला, जरी भर्तृहरीसारख्या वैयाकरणाने तोच शब्द उच्चारातून अर्थ उलगडण्याच्या क्रियेसाठी योजला होता. भाषेने केलेली ही वाटणी भौतिकशास्त्राला मान्य नाही. त्याच्या दृष्टीने लाही आणि सुरुंग एकाच जातीचे, कारण दोन्हींत आत कोंडलेले काहीतरी आवरण फोडून बाहेर पडते आणि दोन्हींत बाहेर पडणारी ऊर्जा आधीपासून आतच असते. स्फोट नवीन असे काहीच निर्माण करत नाही. परभणी जिल्ह्यात हे तपासून पाहणे विशेष सोयीचे आहे, कारण ज्वारी, कापूस आणि काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरी या तिन्ही गोष्टी इथे हाताशी आहेत आणि स्फोटाच्या विज्ञानाला या तिन्हींची गरज पडते.

ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, आणि ती निर्माण करता येत नाही वा नष्ट करता येत नाही, केवळ तिचे रूप बदलते, हा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो; तो ज्या वाटेने सापडला ती वाट मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. यूलियस रोबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर १८४० मध्ये जहाजावरचा वैद्य म्हणून जावा बेटावर गेला असता तिथे खलाशांच्या शिरांतले रक्त त्याला थंड प्रदेशातल्यापेक्षा अधिक लाल दिसले, आणि त्यावरून त्याने असा तर्क केला की उष्ण हवेत शरीराला ऊब राखण्यासाठी अन्न कमी जाळावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू शिल्लक राहतो. अन्न, उष्णता आणि श्रम हे एकाच खात्यातले व्यवहार आहेत हे त्याने १८४२ मध्ये मांडले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये ज्यूल याने पाणी घुसळून किती श्रमांची किती उष्णता होते हे मोजले, आणि १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झ याने या नियमाला गणिती रूप दिले. त्याही आधी, १७९८ मध्ये, रम्फर्ड याने म्युनिकच्या तोफखान्यात तोफेच्या नळीला भोक पाडताना घर्षणाने पाणी उकळते असे दाखवले होते, पण त्यासाठी तोफखान्यात जायची तशी गरज नव्हती. संत जनाबाईंच्या गंगाखेडात काय किंवा इतरत्र काय, जात्यातून पडणारे पीठ हाताला कोमट लागते आणि गिरणीतून येणारे गरम, हे दळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. दंडातली शक्ती पिठाच्या उबेत उतरते, हे तिच्या रोजच्या अनुभवातले होते, नियम म्हणून लिहिलेले तेवढे नव्हते. योगायोग असा की १८४७ याच वर्षी इटलीत तुरीन येथे आस्कानियो सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरीन हे द्रव तयार केले, म्हणजे ऊर्जेचा हिशेब लिहिण्याची वही आणि तिची सर्वांत घाईची नोंद या दोन्ही गोष्टी जगाला एकाच वर्षी मिळाल्या.

आधी लाही. ज्वारीच्या दाण्याचे वजन साधारण तीस मिलिग्रॅम असते आणि त्यात तीन-चार मिलिग्रॅम पाणी असते. भडभुंज्याच्या भट्टीत तापलेल्या वाळूत दाणा पडला की हे पाणी तापते, पण टणक साल त्याला बाहेर येऊ देत नाही, म्हणून शंभर अंशांवरही ते दाबाखाली आतच राहते. मक्याच्या लाहीवर झालेल्या मोजमापांत साल फुटण्याचे तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअस आढळले आहे, आणि त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दहापट असतो. साल तडकते, दाब एकाएकी ओसरतो, पाण्याची वाफ होते आणि मऊ झालेला पिठूळ गर फुगून तसाच थंड होतो. लाही म्हणजे थिजलेला स्फोट. ज्याची साल आधीच चिरलेली असते त्या दाण्यातली वाफ हळूहळू निसटते आणि तो फुटत नाही. त्याला मराठीत गणंग म्हणतात. गणंगालाही शेजारच्या दाण्याइतकीच उष्णता मिळालेली असते, पण ती कोंडून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नसते.

आता यातला खर्च पाहावा. दाणा तापवायला आणि त्यातल्या पाण्याची वाफ करायला ढोबळ हिशेबाने दहा ते पंधरा ज्यूल लागतात (ज्यूल हे ऊर्जेचे एकक असून साधारण शंभर ग्रॅमचे वजन एक मीटर उचलायला एक ज्यूल लागतो). फुटलेला दाणा अर्धा मीटर उंच उडाला असे धरले, तरी त्या उडीला ज्यूलच्या दहा हजार भागांपैकी दीड भाग पुरतो. म्हणजे डोळ्यांना जी गंमत वाटते, लहान मुले जिच्यासाठी भट्टीजवळ उभी राहतात, ती उडी म्हणजे एकूण ऊर्जेतला लाखातला एक-दीड भाग. बाकीची ऊर्जा गर शिजवण्यात, वाफेत आणि आसपासच्या हवेत गेली. स्फोटात दिसणारा भाग आणि खर्च झालेला भाग यांचे प्रमाण असे व्यस्त असू शकते, हे लक्षात ठेवून सुरुंगाकडे वळावे.

विहिरीच्या कामावरची माणसे ज्याला तोटा म्हणतात ती जिलेटिनची लहान कांडी बहुधा वीतभर लांब आणि सव्वाशे ग्रॅम वजनाची असते. तिच्यात सुमारे चारशे किलोज्यूल, म्हणजे शंभरेक किलोकॅलरी ऊर्जा असते. ज्वारीच्या एका बऱ्यापैकी भाकरीत दोनशे किलोकॅलरी सहज असतात. याचा सरळ अर्थ असा की अख्खा तोटा हा ऊर्जेच्या मापाने अर्ध्या भाकरीच्या बरोबरीचा आहे. टीएनटी हे स्फोटक तुलनेचे माप म्हणून जगभर वापरले जाते आणि त्याच्या एका किलोला हजार किलोकॅलरी धरण्याचा संकेत आहे. एका किलो ज्वारीत मात्र तीन हजार तीनशेहून अधिक किलोकॅलरी असतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, जे १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि आता वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते, ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण दिले, त्या मोत्यांचे एक पोते ऊर्जेच्या वहीत तीन पोती टीएनटीहून भारी भरते. एक लिटर डिझेलमध्ये तर नव्वदेक तोट्यांची ऊर्जा असते. विजेच्या मीटरवर तोट्याची किंमत करायची तर ती एका युनिटच्या नवव्या हिश्श्याइतकी, म्हणजे काही पैशांची आहे.

मग काळा पाषाण भाकरीने का फुटत नाही? उत्तर ऊर्जेत नाही, वेळेत आहे. ऊर्जा किती, हा एक प्रश्न आणि ती किती वेळात, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला भौतिकशास्त्रात शक्ती म्हणतात, म्हणजे कार्य करण्याचा दर, जो वॉटमध्ये मोजतात. माणूस खाल्लेले अन्न दिवसभर पुरवून पुरवून जाळतो आणि त्याचा दर शंभर वॉटच्या आसपास पडतो, जुन्या पिवळ्या बल्बइतका. तोट्यात मात्र रासायनिक क्रियेची लाट सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने पुढे सरकते, म्हणून वीतभर लांबी संपायला सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग पुरतो. चारशे किलोज्यूलला एवढ्याशा वेळाने भागले की दहा हजार मेगावॉट येतात. गंगाखेडच्या शेजारी परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र आहे, ज्याच्या चालू संचांची क्षमता ७५० मेगावॉट आहे. म्हणजे त्या निमिषापुरता, किंवा निमिषाच्याही कितीतरी लहान तुकड्यापुरता, अर्ध्या भाकरीच्या मोलाचा तोटा तेरा परळी केंद्रांच्या बरोबरीने चालतो. स्फोटाचा दरारा हा श्रीमंतीचा नाही, उधळपट्टीचा आहे.

ही घाई स्फोटकाला जमते आणि भाकरीला जमत नाही, याचे कारण प्राणवायूत आहे. ज्वारी, कापूस, डिझेल यांना जळायला हवेतला प्राणवायू लागतो, आणि हवा आत शिरेल तेवढ्याच वेगाने जळण चालते. एक किलो डिझेल पुरते जळायला चौदा-पंधरा किलो हवा लागते. स्फोटकाने आपला प्राणवायू आपल्याच रेणूत किंवा आपल्याच मिश्रणात बांधून आणलेला असतो, त्यामुळे त्याला बाहेरच्या कशाची वाट पाहावी लागत नाही. या शिदोरीच्या ओझ्यामुळेच त्याची दर किलोमागची ऊर्जा कमी भरते. इथे एक गैरसमज दूर करणे बरे, कारण तो चांगल्या शिकलेल्यांच्याही बोलण्यात येतो: रेणूंतले बंध तुटल्यामुळे ऊर्जा सुटते असे म्हटले जाते, पण बंध तोडायला उलट ऊर्जा लागते, ऊर्जा सुटते ती मोकळे झालेले अणू नव्या, अधिक घट्ट बंधांत जुळताना. स्फोटकांत नायट्रोजनचे अणू सैल सोयरिकीत अडकवून ठेवलेले असतात, आणि संधी मिळताच ते एकमेकांशी जी घट्ट जोडी जमवतात, ती निसर्गातल्या सर्वांत बळकट जोड्यांपैकी एक आहे. जन्मणारे वायू काही हजार अंश तापलेले असतात आणि त्यांना तोट्याएवढ्याच जागेत मावावे लागते, म्हणून त्यांचा दाब हवेच्या हजारो पटींनी वाढतो. क्रियेची लाट त्या पदार्थातल्या ध्वनीच्या वेगाहून अधिक वेगाने पसरली तर त्या प्रकाराला डिटोनेशन म्हणतात. सोरा, गंधक आणि कोळशाची जुनी दारू त्या मानाने फार सावकाश, केवळ भरभर जळते, आणि म्हणून ती दगड चुरडत नाही, ढकलते.

कापूस या गोष्टीत नुसता उपमेपुरता येत नाही. १८४६ मध्ये बाझेल येथे शोनबाइन याने कापसावर आम्लांची क्रिया करून जो पदार्थ मिळवला, तो दिसायला कापूसच होता, पण ठिणगी लागताच राखही न ठेवता भडकून जात असे. त्याला बंदुकीचा कापूस असे नाव पडले. पुढे आल्फ्रेड नोबेलने, ज्याच्या नावावर १८६७ पासून डायनामाइट आहे, १८७५ मध्ये अशाच प्रक्रिया केलेल्या कापसाचा एक प्रकार सोब्रेरोच्या नायट्रोग्लिसरीनमध्ये विरघळवला, तेव्हा त्या द्रवाची दाट खळ झाली. त्या खळीवरून ‘जिलेटिन’ हे नाव आले. आज विहिरीवर येणाऱ्या कांड्यांत नायट्रोग्लिसरीन नसते, कारण भारतात २००४ पासून त्यावर आधारलेली स्फोटके बंद झाली आणि त्यांची जागा अमोनियम नायट्रेटच्या मिश्रणांनी घेतली. नाव मात्र जिलेटिनच राहिले. मानवत आणि सेलूच्या बाजारात कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या विहिरीत उडणाऱ्या कांडीच्या नावामागे आपलेच पीक आहे याची कल्पना असण्याचे कारण नाही. सरकीला चिकटून राहणारी आखूड लव, जी जिनिंगमध्ये सुटत नाही, ती आजही तोफगोळ्यांच्या दारूसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजचा कच्चा माल आहे.

कापूस आणि स्फोटक यांची सर्वांत भयंकर गाठ मुंबईने पाहिली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या सुमारे ८,७०० गाठी कापूस एकत्र भरलेला होता. दुपारी कापसाने पेट घेतला, आग विझेना, आणि चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले, ज्यांची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. या घटनेच्या वर्णनांत स्फोटकांच्या टनांचा आकडा नेहमी ठळक असतो. कापसाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. त्या काळची गाठ पावणेदोनशे किलोंची धरली तर जहाजावर पंधराशे टन कापूस होता, आणि कापसाच्या एका किलोत जळताना टीएनटीच्या चौपट ऊर्जा सुटते. म्हणजे ऊर्जेच्या वहीत जहाजावरचा मोठा धनी कापूस होता, स्फोटके नव्हती. पण कापूस दोन-अडीच तास हवेची वाट पाहत धुमसत राहिला, आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याची ऊर्जा बाळगणाऱ्या शेजाऱ्याने क्षणात गोदी उद्ध्वस्त केली. शेकडो माणसे गेली, आणि अग्निशमन दलाच्या जवानांत मृत्यू विशेष झाले, कारण ते सावकाशीची आग विझवायला गेले होते आणि घाईच्या आगीने त्यांना गाठले. दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ.

विहिरीकडे परतल्यावर हिशेब लहान होतो, पण अधिक बारकाईने मांडता येतो. परभणीच्या शिवारात वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला मऊ खडक आणि शेवटी काळा पाषाण असा क्रम बहुधा लागतो. गोदावरीच्या काठाने मातीचा थर जाड, तर जिंतूरच्या डोंगराळ भागात पाषाण लवकर. मुरमापर्यंत टिकाव-फावडे किंवा यंत्र चालते, पाषाण लागला की ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने भोके पाडून सुरुंग लावावा लागतो, आणि फुटलेला दगड यारीने, म्हणजे विहिरीच्या काठावर बसवलेल्या उचल-यंत्राने, वर काढावा लागतो. सुरुंगाची ऊर्जा या सगळ्यात जाते कुठे? भोकाच्या लगतचा खडक पिठासारखा चुरडण्यात थोडी, आघात तरंगाने, म्हणजे खडकातून धावणाऱ्या तीव्र दाबाच्या लाटेने, भेगा पाडण्यात थोडी, त्या भेगांत घुसलेल्या वायूंनी दगड सैल करून ढकलण्यात थोडी, उडणाऱ्या धोंड्यांच्या गतीत, आवाजात, जमिनीच्या हादऱ्यात, आणि उरलेली सगळी उष्णतेत. अभ्यासकांचे अंदाज खडकाप्रमाणे बदलतात, पण दगड फोडण्याच्या कामी ऊर्जेचा लहानसा भागच येतो, यावर त्यांचे एकमत आहे. शेजारच्या वस्तीत फळीवरची भांडी वाजली, भिंतीचा पोपडा निघाला, तर ती ऊर्जा विहिरीच्या कामाची होती आणि पत्ता चुकून तिकडे गेली, असे समजायला हरकत नाही.

यातून एक गोष्ट निघते जी कानाला पटत नाही: दणदणीत वाजलेला सुरुंग हा बहुधा वाया गेलेला सुरुंग असतो. भोकाचे तोंड नीट बंद नसेल तर तापलेले वायू दगड फोडण्याआधीच वर निसटतात, हवेत दणका बसतो, धोंडे शिवारात दूरवर जातात आणि तळाचा पाषाण मात्र तसाच. चिरलेल्या सालीच्या गणंगाचीच ही मोठी आवृत्ती, फरक इतकाच की गणंग मुका राहतो. उलट, जमिनीत नुसता धप्प आवाज होऊन खडक जागच्या जागी भेगाळला, तर ऊर्जा जिथे हवी तिथे खर्ची पडली. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांसाठी जी बोअर ब्लास्ट आणि जॅकेट वेल ही तंत्रे वापरली, त्यांचे गमक हेच आहे: स्रोताच्या आसपास खोल भोके घेऊन त्यांत नियंत्रित स्फोट करायचे, दगड बाहेर काढायचा नाहीच, केवळ अखंड पाषाणात भेगांचे जाळे तयार करून पाणी मुरायला आणि साठायला जागा द्यायची. स्फोटाने विहिरीला पाझर फुटावा, हा ‘फुटणे’ या क्रियापदाच्या दोन अर्थांचा इथे झालेला समेट आहे.

अक्षय्यतेच्या नियमाचा आणखी एक पैलू यारीच्या दोराशी दिसतो. एका तोट्यातली सगळी ऊर्जा, एक कणही वाया न जाता, दगड उचलण्याकडे वळवता आली असती, तर चाळीस फूट खोल विहिरीतून तीन टनांहून अधिक दगड काठावर आला असता; प्रत्यक्षात तो सगळा दगड यारीला डिझेल जाळून, आणि खाली पाट्या भरणाऱ्या माणसांना घाम गाळून, पुन्हा उचलावा लागतो. सुरुंगाची ऊर्जा तोवर नष्ट झालेली नसते. ती विहिरीच्या भिंतीत, हवेत, धुळीत, अगदी थोड्याशा वाढलेल्या उबेच्या रूपाने पुरेपूर शिल्लक असते, पण ती गोळा करून कोणाला एक पाटीही उचलता येणार नाही. ऊर्जा अक्षय्य आहे, उपयोगिता नाही. हा दुसरा नियम पहिल्याइतका लाडका झाला नाही, कारण त्याच्यात दिलासा नाही.

आणि हिशेब मागे न्यायचा तर तोट्यात ती चारशे किलोज्यूल तरी आली कुठून? अमोनियम नायट्रेट जमिनीतून खणून निघत नाही. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढायचा, तो मोठ्या दाबाखाली आणि तापमानाला हवेतल्या नायट्रोजनशी जोडून अमोनिया करायचा, त्यातल्या काही अमोनियाचे नायट्रिक आम्ल करायचे आणि मग दोघांचा संयोग घडवायचा, अशी ती लांबलचक वाट आहे. रायगड जिल्ह्यात तळोजा येथे असा कारखाना आहे. स्फोटाच्या क्षणी सुटते त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा कारखान्यात आधीच भरलेली असते. तोच अमोनिया दुसऱ्या वाटेने युरिया होऊन ज्वारीच्या आणि कापसाच्या शेतात जातो, म्हणजे विहीर फोडणारे आणि पीक वाढवणारे रसायन एकाच घरचे. या पदार्थाचा साठा बेफिकिरीने पडून राहिला तर काय होते, हे ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात पडलेल्या २,७५० टनांनी दाखवले; भारतात त्याच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची नजर असते.

ज्या पाषाणाला सुरुंग लावायचा तो पाषाण स्वतः मात्र बहुतांशी स्फोटाविना आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांब भेगांतून वर आलेला, अकराशे अंशांहून अधिक तापलेला लाव्हा पातळ होता आणि त्यात कोंडलेला वायू कमी होता, म्हणून तो ज्वालामुखीच्या चित्रांतल्यासारखा उडाला नाही, पुरासारखा पसरला आणि थरावर थर देत दख्खनचे पठार झाला. त्याच्या दर किलोतून निवताना टीएनटीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी उष्णता सुटली असेल. असंख्य किलोंची ती उष्णता वर्षानुवर्षे आकाशात विरत गेली आणि कशाचाही भुगा झाला नाही. निवताना आकसल्यामुळे खडकात जे सांधे पडले, त्यांच्याच आधाराने आज विहिरीत पाणी येते आणि सुरुंगाच्या भेगाही बहुधा त्याच सांध्यांनी धावतात. सावकाशीने ठेवलेल्या फटीतून घाई आपली वाट काढते.

याच पाषाणावर एकदा उलटेही घडले. जिंतूरच्या उत्तरेला, सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरणार नाही अशा अंतरावर, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे, ज्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तिथे ना दारू होती ना वायू. आकाशातून आलेला एक पाषाण होता आणि त्याची गती होती. वस्तूच्या गतीमुळे तिच्यात असलेल्या ऊर्जेला गतिज ऊर्जा म्हणतात, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सेकंदाला अठरा किलोमीटर हा वेग धरला तर साध्या दगडाच्या प्रत्येक किलोत टीएनटीच्या जवळजवळ चाळीसपट ऊर्जा भरते. तो वेग क्षणात थांबला तेव्हा ऊर्जेला कुठेतरी जाणे भागच होते: बेसाल्ट वितळला, त्याची काच झाली, त्यातल्या स्फटिकांची रचना नुसत्या दाबाने मोडली, आणि उरलेला खडक कडेला उपसला गेला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे विवर आघाताचे असल्याचे अशाच खुणांवरून सिद्ध केले, तोवर ते ज्वालामुखीचे मानणारेही बरेच होते. त्याच्या वयाबद्दल मतभेद आहेत, एका पद्धतीने सुमारे बावन्न हजार वर्षे येतात तर दुसरीने पाच लाख सत्तर हजार. स्फोट केव्हा झाला हे खडकाला नीट सांगता येत नाही. किती ऊर्जेचा झाला हे मात्र त्याने काचेत लिहून ठेवले आहे.

परभणी जिल्ह्यात विहिरींची खोदाई पाणी तळाला गेल्यावर, उन्हाळ्यात चालते. श्रावण येतो तोवर विहिरी भरू लागलेल्या असतात, कॉम्प्रेसर आणि यारी हलवलेल्या असतात, आणि नागपंचमीला तर जमीन नांगरू नये, खणू नये असा जुना रिवाज आहे. त्या दिवशी घरोघरी लाह्या असतात. भट्टीवर ज्वारी फुटत राहते, आणि शेवटी चाळणीत वाळूबरोबर थोडे गणंग उरतात.